घरचा ऑर्केस्ट्रा: जुन्या टेप आणि त्यांत अडकलेल्या आठवणी नीट कशा उतरवून घ्यायच्या

एखाद्या वाद्यवृंदाचं वेड काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतं. आजोबांनी त्याच्या रेकॉर्ड जमवलेल्या असतात, वडिलांनी रेडिओवरच्या मैफली टेप केलेल्या असतात, आणि एक दिवस ते सगळं खोकं तुमच्या ताब्यात येतं. 'हे डिजिटल करून ठेवू या' म्हणून उत्साहाने सुरुवात होते, आणि मग बहुतेक घरांत त्याच तीन चुका त्याच क्रमाने होतात. हाताला लागलेली पहिली कॅसेट लगेच वाजवली जाते. तिची खरखर काढलेली एमपी-थ्री बनते. आणि सगळं झाल्यावर कुणाला तरी सुचतं की आता आजीलाही विचारू या. तोवर आजीने ते संगीत येता-जाता चार वेळा ऐकलेलं असतं.

तिसरी चूक सगळ्यांत महागात पडते. तीस-चाळीस वर्षांनी एखादी मैफल पुन्हा कानावर पडते तेव्हा पहिल्या काही मिनिटांत जे वर येतं ते पुन्हा तसं येत नाही. दुसऱ्या वेळी माणूस आठवत नसतो, मागच्या वेळी सांगितलेलंच पुन्हा सांगत असतो. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम मोडू नका. तांत्रिक काम आधी, तेही एकट्याने हेडफोन लावून. घरच्यांना ऐकवायचं ते त्यानंतर, आणि तेव्हा रेकॉर्डर चालू हवा.

## टप्पा १: काहीही वाजवण्याआधी यादी

खोकं उघडलं की आधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. कव्हरच्या दोन्ही बाजू, कॅसेटच्या दोन्ही बाजू, आतला कागद, आणि त्यावर कुणी पेन्सिलीने केलेल्या खुणा, सगळं. वस्तू ज्या क्रमाने ठेवलेल्या होत्या त्या क्रमाचाही फोटो घ्या. कुणीतरी विचार करून तो क्रम लावलेला असतो आणि आपण पाच मिनिटांत तो विस्कटतो.

मग वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि एवढं लिहा: प्रकार, लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, हस्ताक्षर कुणाचं, कॅटलॉग क्रमांक (रेकॉर्ड कंपनीने छापलेला), आणि सोबत सापडलेलं काही, म्हणजे तिकीट, कार्यक्रमपत्रिका, कात्रण. 'जसाच्या तसा' हे महत्त्वाचं. वडिलांनी संगीतकाराचं नाव चुकीचं लिहिलं असेल तर यादीतही चुकीचंच उतरवा आणि शेजारच्या रकान्यात बरोबर नाव द्या.

कॅटलॉग क्रमांकाकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. तेच संगीत, तोच वाद्यवृंद, तोच संचालक, तरीही रेकॉर्डिंग वेगळं असू शकतं. बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांच्या हाताखाली बेथोव्हनच्या नऊही सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या, सहसा चार भागांच्या मोठ्या रचना) १९६०, १९७० आणि १९८० या तिन्ही दशकांत पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या. तुमच्या घरात वाजत होती ती यांतली कुठली, हे कव्हरवरच्या चित्रावरून नेहमी कळत नाही, क्रमांकावरून कळतं. रेकॉर्डवर लेबलच्या कडेला, शेवटची खाच संपते त्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडे-अक्षरंही टिपून घ्या. तिरक्या उजेडात ती दिसतात.

तपासा: प्रत्येक वस्तूला क्रमांक आहे का, आणि तोच क्रमांक फोटोच्या नावात आहे का? दोन्ही असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: तब्येत पाहणं

कॅसेट. खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. पांढुरकी किंवा करडी पूड दिसली तर ती बुरशी असण्याची दाट शक्यता आहे. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडेच द्या, कारण तुमच्या डेकमधून, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रातून, ती बाकीच्या कॅसेटींनाही लागेल. मग फितीच्या मागे असलेली छोटी मऊ गादी जागेवर आहे का ते पाहा. फितीवरचा आवाज वाचणाऱ्या डेकच्या हेडला फीत तीच टेकवून धरते. ती गळून पडली असेल तर आवाज पुसट येतो आणि लोकांना वाटतं फीतच मेली. गादी बदलता येते, किंवा फीत दुसऱ्या चांगल्या कवचात हलवता येते.

सहा कोनांची पेन्सिल चाकाच्या भोकात घालून हलकेच फिरवा. चाक सहज फिरलं तर ठीक. अडलं तर जोर लावू नका. सी-६० आणि सी-९० कॅसेट (आकडा म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून मिनिटं) बऱ्याच सोशिक असतात, पण सी-१२० ची फीत पातळ असते, ताणली जाते, गुंतते. ती सगळ्यांत शेवटी घ्या, म्हणजे तोवर तुमचा हात बसलेला असेल.

सावधान: डेकमध्ये घालण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडा. ते शाबूत असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आजोबांच्या मैफलीवर तुमच्या खोलीतली शांतता टेप होईल.

रेकॉर्ड. पहिला प्रश्न एकच: मिनिटाला ७८ फेऱ्यांची की ३३⅓ ची, म्हणजे लाँग प्ले? जुन्या ७८ च्या रेकॉर्ड बहुतेक लाखेच्या असतात, जड आणि ठिसूळ. त्यांच्या खाचा लाँग प्लेच्या खाचांपेक्षा बऱ्याच रुंद असतात, म्हणून सुईही वेगळी लागते. लाँग प्लेची बारीक सुई ७८ च्या खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकवते. उलट ७८ ची जाड सुई लाँग प्लेवर टेकवली तर खाच कायमची बिघडते.

सावधान: लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावू नका, ती विरघळते. मऊ कापड, थोडं डिस्टिल्ड पाणी, लेबल कोरडं. रेकॉर्ड कुठल्या पदार्थाची आहे याची खात्री नसेल तर फक्त मऊ ब्रशने धूळ काढा आणि थांबा.

मोठ्या रिळांच्या टेप. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या काही रिळांवरचा चिकट थर दमट हवेने खराब होतो. वाजवताना चिरचिर आवाज येतो आणि हेडवर तपकिरी खळ साचते. असं दिसलं की त्या क्षणी बंद करा. हे घरी करायचं काम नाही.

## टप्पा ३: यंत्र तयार करणं

डेकचं हेड आणि त्याशेजारचा धातूचा बारीक दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. रबरी चाकाला फक्त ओलसर कापड पुरतं.

रेकॉर्ड प्लेयर असेल तर त्याचा आवाज फोनो प्रीअँपमधून, म्हणजे सुईचा क्षीण आवाज वाढवून त्यातला खर्ज भरून देणाऱ्या यंत्रातून, गेला पाहिजे. तो वगळून थेट संगणकाला जोडलं तर आवाज बारीक, चिरका आणि खर्जाशिवाय येतो. अनेक जण तो 'जुन्या रेकॉर्डचा आवाज' समजून तसाच जपून ठेवतात. कॅसेट डेक मात्र लाइन इनपुटला जोडा, मायक्रोफोन इनपुटला नाही. नाहीतर फाटका आवाज येईल.

डॉल्बीचं, म्हणजे फितीची सूं-सूं कमी करणाऱ्या सोयीचं, बटण टेप करताना जसं होतं तसं ठेवा. डॉल्बीशिवाय टेप केलेलं संगीत डॉल्बी लावून ऐकलं तर व्हायोलिनांवर कांबळं टाकल्यासारखं होतं. लेबलवर काही लिहिलं नसेल तर दोन्ही ऐकून पाहा आणि कोणतं ठेवलं ते यादीत नोंदवा.

आधी तुमच्या लेखी बिनमहत्त्वाची एक कॅसेट पूर्ण वाजवून बघा. डेक फीत खाणारा आहे की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.

## टप्पा ४: उतरवून घेणं

वेव्ह फाइल, २४ बिट, किमान ४८ किलोहर्ट्झ. या दर्जाच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगला ताशी साधारण १ जीबी जागा लागते, ९६ किलोहर्ट्झला त्याच्या दुप्पट. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरतं.

आवाजाची पातळी ठरवताना ऑर्केस्ट्राचा स्वभाव लक्षात घ्या. एकटी बासरी आणि टिंपनीसकट (मोठ्या नगाऱ्यांसकट) सगळा वाद्यवृंद यांच्यातलं अंतर प्रचंड असतं. सुरुवातीच्या हळुवार भागावर पातळी लावली की शेवटाकडे आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. म्हणून आधी शेवटाजवळचा सगळ्यांत जोरकस भाग शोधा, तिथे मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं करा, आणि मग फीत सुरुवातीला आणा.

आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद आहे ना, हे दोनदा पाहा. ती चालू राहिली तर हळुवार भाग वर ओढला जातो, जोरकस भाग खाली दाबला जातो, आणि सगळी सिंफनी एकाच उंचीवर सपाट होते.

आता बाजू पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत न थांबवता उतरवा. मधल्या शांत जागा, टाळ्या, निवेदकाचा आवाज, शेवटची दहा मिनिटं नुसती सूं-सूं, सगळं. शांततेवरून गाण्यांचे तुकडे आपोआप पाडणारी सोय वापरू नका. ती सिंफनीच्या दोन भागांमधली शांतता कापते, आणि कधी कधी अगदी हळू वाजणाऱ्या भागालाही शांतता समजते.

खरखर काढण्याबद्दल मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. आमच्या घरी वडिलांनी रेडिओपुढे मायक्रोफोन ठेवून टेप केलेली एक सिंफनी होती. सी-९० ची पहिली बाजू ४५ मिनिटांनी संपते, आणि ती नेमकी दुसऱ्या भागाच्या मध्यावर संपायची. व्हायोलिनची लकेर अर्ध्यावर, मग 'खट्', आणि दुसऱ्या बाजूला चार-सहा मात्रा पुढे गेलेलं संगीत. आम्ही भावंडं ती धून अशीच शिकलो. माझा भाऊ अजूनही गुणगुणताना तिथे थांबतो, श्वास घेतो आणि पुढच्या सुरावर उडी मारतो. ती कॅसेट मी एका व्यावसायिकाकडे डिजिटल करायला दिली. परत आलेली फाइल स्वच्छ होती. दोन्ही बाजू सफाईने जोडलेल्या, 'खट्' गेलेला, शेवटी मायक्रोफोन बंद करण्याआधी खुर्ची सरकवल्याचा आवाज गेलेला. टाळ्यांचाही चुरा झाला होता, कारण खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कानाला टाळ्या आणि खरखर जवळजवळ सारख्याच. सुदैवाने मूळ कॅसेट टाकून दिलेली नव्हती. ती मी पुन्हा उतरवली.

तीच सिंफनी, त्याच वाद्यवृंदाची, आज कुठल्याही संगीत अ‍ॅपवर याहून कितीतरी चांगल्या आवाजात मिळेल. ती त्या खोलीतली मात्र नसेल.

वेग तपासा: टेपवर मैफलीआधी वाद्यं लावल्याचा आवाज असेल तर नशीब. बहुतेक वाद्यवृंदांत ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा एक सूर धरतो आणि बाकीचे त्याला मिळवून घेतात. तो सूर साधारण ४४० हर्ट्झचा असतो, काही वाद्यवृंदांत ४४२ किंवा ४४३. मोबाइलवरच्या ट्यूनरला तो ऐकवा. ४६६ च्या आसपास दिसला तर टेप पूर्ण अर्ध्या स्वराने चढी वाजतेय. बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर केलेल्या रेकॉर्डिंगचं असं होतं: टेप करताना फीत हळू फिरली, आता नीट वेगाने फिरते. दुरुस्ती संगणकावर होते, पण मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवर करायची.

## टप्पा ५: मूळ फाइल आणि ऐकायची प्रत

उतरवलेली वेव्ह फाइल म्हणजे मूळ. तिला यादीतला क्रमांक आणि बाजू असं नाव द्या, उदाहरणार्थ '०१४-अ', आणि तिची वाचनापुरती परवानगी ठेवा. ऐकण्यासाठी, वेग सुधारण्यासाठी, कुणाला पाठवण्यासाठी वेगळी प्रत काढा. ती एमपी-थ्री असली तरी चालेल. मूळ मात्र वेव्ह किंवा फ्लॅकच (दर्जा न घटवता जागा वाचवणारा फाइलचा प्रकार) राहू द्या.

## टप्पा ६: ऐकण्याची बैठक

या टप्प्याला घाई केली तर आधीच्या कामाचं निम्मं मोल जातं.

एका वेळी एकच माणूस. सगळे एकत्र बसले की सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या काकांची आठवण सगळ्यांची होते. 'नाही गं, ते त्या वर्षी नव्हतं' असं एकदा कुणी म्हटलं की आजी पुढे बोलत नाही. एकत्र बैठक जरूर करा, पण सगळ्यांचं वेगवेगळं ऐकून झाल्यावर.

काय ऐकवायचं. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं जास्त आठवतं, हे स्मृतीच्या अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. समोरच्या व्यक्तीच्या त्या वर्षांतलं रेकॉर्डिंग आधी निवडा. एका बैठकीला तीन तुकडे पुष्कळ झाले.

मांडणी. संगीत एका उपकरणावर, बोलणं दुसऱ्यावर. फोनचा रेकॉर्डर पुरेल, पण तो बोलणाऱ्याच्या जवळ आणि स्पीकरपासून लांब, टेबलावर घडी घातलेल्या कापडावर ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर. कानाचं यंत्र वापरणाऱ्यांना त्यातून वाद्यवृंद अनेकदा कर्कश ऐकू येतो, कारण यंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं. त्यात संगीतासाठी वेगळी सेटिंग असेल तर ती लावा, किंवा त्यांना सोसत असेल तर यंत्र काढून मोठे हेडफोन द्या.

क्रम. रेकॉर्डर चालू करा. तारीख, कोण बसलंय, कुठल्या क्रमांकाचं रेकॉर्डिंग, हे एका वाक्यात बोला. काहीही न सांगता दोन-तीन मिनिटं संगीत लावा. मग आवाज हळूहळू कमी करून थांबवा, आणि गप्प बसा. मनात वीसपर्यंत मोजा. हे फार अवघड जातं, आणि उत्तम ते बहुधा या शांततेनंतरच येतं.

काय विचारायचं. 'काय आठवतं?' हा वाईट प्रश्न आहे, त्यावर 'छान होते ते दिवस' एवढंच येतं. ठोस विचारा. रेडिओ कुठे ठेवलेला असायचा? आवाज वाढवायला कोण उठायचं? हे लागलं की कोणाला गप्प बसायला सांगायचे? कोणाला अजिबात आवडायचं नाही? पहिली रेकॉर्ड कोणी आणली, आणि ती वाजवायची मुभा कोणाला होती? प्रत्यक्ष मैफलीला कुणी गेलं होतं का, आणि कोण जाऊ शकलं नाही? या शेवटच्या प्रश्नावर मला दर वेळी सगळ्यांत जास्त ऐकायला मिळालंय.

काय करू नका. नाव किंवा साल सुचवू नका. दुरुस्त करू नका. डोळे भरून आले तर लगेच विषय बदलू नका आणि संगीतही पुन्हा लावू नका. पाणी पुढे करा, थांबायचं का ते विचारा.

स्मृतिभ्रंश असलेल्या आप्तांबरोबर प्रश्न जवळजवळ सोडूनच द्या. शब्द हरवलेल्या माणसांतही ओळखीचं संगीत पुष्कळदा शाबूत असतं. त्यांचे हात बघा, ठेका बघा, ते कुठल्या जागी गुणगुणतात ते लिहा. शक्य असेल, आणि घरच्यांची हरकत नसेल, तर व्हिडिओ घ्या. त्रास होताना दिसला तर लगेच थांबवा.

तपासा: बैठक झाल्यावर त्याच दिवशी रेकॉर्डिंगची पहिली आणि शेवटची दोन मिनिटं ऐका. आवाज आलेला नाही हे महिन्याने कळून उपयोग नसतो.

## टप्पा ७: आठवण आणि संगीत जोडणं

दोन फोल्डर, एकात संगीत आणि दुसऱ्यात मुलाखती, इथेच बहुतेक घरांचं काम थांबतं. दहा वर्षांनी कुठली आठवण कुठल्या सुराची, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगसाठी एक साधी मजकुराची फाइल करा, मिनिट-सेकंदासह:

०१४-अ, १४:१० हॉर्न सुरू होतात. आत्या: 'हे आलं की दादा उठून आवाज वाढवायचा, आणि आई आतून ओरडायची.'
०१४-अ, ३१:०५ मागे दाराची कडी वाजते. आजी: 'तुझे आजोबा. उशिरा आले होते त्या दिवशी.'
०१४-अ, ४४:५२ बाजू संपते. 'खट्'.

सांगणाऱ्याचे शब्द सांगणाऱ्याचेच ठेवा, प्रमाण भाषेत आणू नका.

## टप्पा ८: पडताळणी

अनेक वाद्यवृंदांनी आपल्या जुन्या मैफलींच्या नोंदी खुल्या केल्या आहेत. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या डिजिटल संग्रहात १८४२ पासूनच्या कार्यक्रमपत्रिका पाहता येतात, आणि बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या संगीतमहोत्सवाच्या संकेतस्थळावर १८९५ पासूनच्या मैफली तारखेने शोधता येतात. तुमच्या वाद्यवृंदाचा असा संग्रह आहे का ते बघा. टेपवर निवेदकाने घेतलेलं एकल वादकाचं नाव आणि वाजवलेल्या रचनांचा क्रम, एवढ्यावरून पुष्कळदा नेमकी तारीख सापडते.

नोंद आणि आठवण जुळली नाही तर दोन्ही लिहा, वेगवेगळ्या ओळींत. आजोबा १९६२ म्हणतात आणि पत्रिका १९६४ म्हणते, तर १९६२ खोडू नका. त्या वर्षी दुसरं काहीतरी घडलेलं असू शकतं, जे त्यांच्या मनात या संगीताला चिकटलंय. पुढच्या बैठकीत हळूच विचारा.

## टप्पा ९: ठेवणं आणि वाटणं

सगळ्याच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा प्रत्येक प्रतीतल्या तीन-चार फाइली उघडून ऐका.

कुटुंबाच्या समूहात मुलाखत पाठवण्याआधी बोलणाऱ्याला विचारा. आजीने तुम्हाला एकट्याला सांगितलेलं सगळंच चाळीस जणांसाठी नसतं. व्यावसायिक रेकॉर्ड आणि प्रसारित मैफलींवर सहसा इतरांचे हक्क असतात, त्यामुळे त्या इंटरनेटवर सार्वजनिक करू नका. घरच्यांची बोलणी आणि मिनिटवार नोंदी वाटा, संगीत घरात ऐका.

मूळ कॅसेट आणि रेकॉर्ड ठेवून द्या. उभ्या, थंड आणि कोरड्या जागी, मोठ्या स्पीकरपासून लांब, कारण स्पीकरमधलं चुंबक फितीला घातक असतं. खोक्यात वरच यादीचा छापील कागद ठेवा आणि त्यावर लिहा: कुठल्या कॅसेट उतरवून झाल्या, कुठल्या राहिल्या, आणि कोणाबरोबर बसायचं अजून बाकी आहे. त्या शेवटच्या यादीत वयाने सगळ्यांत मोठ्या माणसाचं नाव पहिलं लिहा आणि त्यांना आजच फोन करून दिवस ठरवा.